भात्याची बाजू

मांडवी, रत्नागिरी
१६ नोव्हेंबर १९८६

प्रिय गुणा,

तुझं पत्र काल दुपारी आलं. चिमाच्या लग्नात पेटी वाजवायला दुसरं कोणी बघ, एवढी एकच ओळ मी कार्डावर लिहिली होती. तिच्यावरून तू मला मानपानाची भुकेली वहिनी ठरवलंस. "घरी येऊन अक्षत दिली नाही म्हणून रुसलीस का?" असंही विचारलंस. आता गप्प राहिले तर तेच खरं धरून बसशील, म्हणून लिहिणं भाग आहे. गुणा, माझा डावा हात गेला आहे. ज्येष्ठात अर्धांगाचा झटका आला. पाय थोड्या दिवसांत वळणावर आला. तोंड तर एक दिवसही बंद पडलं नाही; तुझा दादा म्हणतो, त्याला तरी चार दिवस विश्रांती द्यायची होतीस. हात मात्र राहिला तो राहिलाच. आता रडून घे, आणि झालं की पुढचं वाच.

कळवलं का नाही, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. चिमाचं तेव्हा ठरत होतं. तुमच्याकडे पाहुण्यांचं येणं-जाणं चालू असताना मुलीच्या मामीला अर्धांग झालं, ही बातमी खेडच्या बाजारात फिरायला नको होती. मोडता घालायला लोकांना कारण कितीसं लागतं? तुझा दादा दोनदा कार्ड घेऊन बसला. (तुला लिहिताना नवऱ्याला 'तो' म्हणायची माझी लग्नाआधीची सवय काही मोडत नाही.) उभा जन्म दर्यावर होडीची तांडेलकी केलेला माणूस, पण "गुणे, इकडे सर्व ठीक" याच्या पुढे त्याचं पेन हलेना. पुढे खरं लिहावं की खोटं, हेच त्याला ठरवता येईना. शेवटी मीच कार्ड काढून घेतलं.

झालं ते असं. सकाळी अंबाडा घालायला हात वर नेले, तर उजवा गेला आणि डावा मांडीवरच राहिला. मी त्याला हुकूम केला. ऐकेना. शाळेत हेडबाई म्हणून इतकी वर्षं काढली, पण माझं न ऐकणारं असं कोणी भेटलं नव्हतं. तो नुसता लुळा पडून राहिला असता तर एक वेळ चाललं असतं. काही दिवस तसा लोंबला, आणि मग आपोआप मिटायला लागला. बोटं आत, मनगट आत, कोपर छातीशी. कोणी काही हिसकावून नेईल म्हणून धरून ठेवावं तशी मूठ घट्ट. आजारसुद्धा माझ्या स्वभावाला शोभेल असाच मिळाला. सोनूबाई रोज चोळायला येते. मी उजव्या हाताने बोटं ओढून सरळ करायला गेले की ओरडते, "बाय, वढू नका. वढाल तेवढी आवळंल. हात हाय तो, शाळंतलं पोर न्हाय." डॉक्टर तेच सांगतात, फक्त शुद्ध भाषेत. तुझा दादा अजूनही पहाटे उठतो. एकदा चहाचा कप पुढे ठेवताना म्हणाला, "झोपेत उघडते गो तुझी मूठ. तान्ह्या पोराची उघडते तशी." मी म्हटलं, पाहत काय बसलात? त्यानं कप माझ्या उजव्या हाताकडे सरकवला.

त्या दिवसांत मला सारखे लवू मास्तर आठवायचे. तुझ्या बाबांनी एका मोडलेल्या नाटक कंपनीच्या सामानातून ती पेटी घेतली, आणि पेटीच्या मागोमाग कंपनीचे पेटीवाले मास्तरही मांडवीतच राहिले. तू घरची म्हणून शिकायचीस. मी कॉलेजातून परस्पर तुझ्याकडे यायची म्हणून. पेटी एक आणि आपण दोघी. मास्तर मागे स्टुलावर बसत आणि आपलं वाजवणं चालू असताना काठीचं टोक कोपराखाली लावून हळूच वर उचलत. हात मोकळा असेल तर कोपर वर जातं आणि सुराला धक्का लागत नाही. तुझं कोपर पिसासारखं वर जायचं. कधीकधी तूही त्याच्याबरोबर खिडकीबाहेर जायचीस आणि भाता तसाच राहायचा. मग मास्तर म्हणायचे, "गुणे, भाता पेंगला गो. उठव त्याला." माझ्या कोपराखाली काठी लागली की काठी वाकायची, कोपर जागचं हलायचं नाही. "बकुळे, पट्टी फोडशील. किती दाबलीस तरी सूर मोठा होत नाय. सूर वाऱ्यावर चालतो, जोरावर नाय." मला ते ऐकू यायचं, पटायचं मात्र नाही. जोर लावला की गोष्टी होतात, हा माझा तोवरचा अनुभव होता. मुलींनी कॉलेजात जाऊ नये म्हणणारे सगळे मी जोरावरच गप्प केले होते. मास्तर कंटाळून म्हणायचे, "तुम्हा दोघींची मिळून एक पोरगी केली असती देवानं, तर तिनं बरी पेटी वाजवली असती."

पडवीत तुमची माणसं जाळी विणत बसलेली असायची आणि त्यांत तुझा दादा. मान वर न करता एकदा म्हणाला, "आज कोण बसलंय पेटीवर? होडी खडकावर घातल्यासारखी वाजतेय." मी आतूनच काहीतरी उत्तर फेकलं. काय ते आता आठवत नाही, पण पडवीतली सगळी माणसं हसली आणि तुझ्या दादाच्या हातातली सुई थांबली. त्याच संध्याकाळी तू आईला सांगितलंस, दादासाठी मुलगी मिळाली म्हणून. पुढे सगळी मांडवी बोलली. बी.ए. झालेली मुलगी आणि चौथीतून शाळा सोडलेला तांडेल. माझे वडील बंदरावर कारकून होते. येणाजाणारा प्रत्येक जण त्यांना विचारायचा, "काय भाऊ, मुलीला इंग्रजी शिकवलंत ते मासळीच्या पाट्या मोजायला काय?" तू मात्र लग्नात माझ्यापेक्षा जास्त मिरवलीस. पेटी आणि मैत्रीण एकाच घरात आली म्हणून.

मग तूच गेलीस. खेडला निघताना तुझ्या आईनं पेटी तुझ्याबरोबर द्यायला काढली होती. तू ती परत आत नेऊन ठेवलीस आणि म्हणालीस, "राहू दे वहिनीकडे. पण माझ्या मुलीच्या लग्नात ही माहेरची पेटी वाजली पाहिजे, आणि हिनंच वाजवली पाहिजे." तेव्हा मुलीचा पत्ता नव्हता. ती पुष्कळ उशिरा आली. आम्हाला मूल झालं नाही, आणि चिमा दर मे महिन्यात इथे यायला लागली, तेव्हा तुझं ते बोलणं मी मनाशी पक्कं करून ठेवलं. दुपारी मी वाजवत असले की ती माझ्या पाठीशी चटईवर झोपून जायची. सूर थांबला की लगेच जागी. "मामी, थांबलीस कशाला?" शाळेत मला असं विचारायची कोणाची छाती नव्हती.

झटक्यानंतर महिनाभर मी पेटीवरचं कापड काढलं नाही. आषाढ संपत आला तशी एके दिवशी बसले. उजवा हात धड होता. भात्याची काहीतरी सोय करायची होती. मी पायाच्या अंगठ्याला नाडी बांधून भाता ओढून पाहिला. भाता जागेवर राहिला आणि अख्खी पेटी माझ्याकडे सरकत आली. तुझा दादा दारात उभा राहून हे पाहत होता. तो आत आला, पेटीच्या पलीकडे मांडी घालून बसला आणि भात्यावर हात ठेवला. गुणा, लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आम्ही असे समोरासमोर कधी बसलो नव्हतो. तो दर्यावर, मी शाळेत. जेवताना तो पाटावर आणि मी वाढायला. त्याच्या डाव्या भुवईवर एक जुना वण आहे, तो मी तेव्हा नीट पाहिला.

आणि मग त्यानं भाता मारला. होडीत शिरलेलं पाणी उपसतात तसा. पेटी किंचाळली. मी म्हटलं, अहो, हळू. तर इतका हळू की सूर कण्हायला लागला. हळू म्हणजे झोपायचं नाही, असं मी म्हटल्यावर तो म्हणाला, "मग कसा मारू ते एकदाच सांग, हेडबाई. उभा जन्म वल्हं मारलं, हा एवढासा पंखा काय मला जड झाला?" मी म्हटलं, हे वल्हं नाही. तो म्हणाला, "ते दिसतंयच." असे काही दिवस गेले. मी शाळेतल्यासारख्या सूचना देत होते आणि तो दात आवळून, श्वास कोंडून त्या पाळत होता. पाळत होता म्हणूनच काही जमत नव्हतं. माझीही तीच गत. भाता आपल्या हातात नाही म्हटल्यावर मी सगळा जोर पट्ट्यांवर काढायला लागले. सूर बारीक पडला की दाब, आणखी बारीक पडला की आणखी दाब. संध्याकाळी उजवी बोटं ठणकायची आणि डावी मूठ सकाळपेक्षा घट्ट झालेली असायची. शेवटी एकदा तो उठला, "ही शाळा मी मागंच सोडलीय" म्हणाला आणि चपला घालून बंदरावर निघून गेला.

तिथे त्यानं विचार केला असावा. त्याच्या मते दोष त्याच्या हाताचा नव्हता, भात्याच्या कातड्याचा होता. पावसाच्या दमट हवेनं ते आखडलं होतं. आता आखडलेल्या वस्तूवर तांडेलाला औषध एकच ठाऊक. मुशी माशाच्या काळजाचं तेल, पावसाळ्यात वर ओढलेल्या होड्यांच्या फळ्यांना लावतात ते. स्वतःची होडी विकली तरी तेलाचा डबा ठेवून देणारा माणूस आहे हा. दुसऱ्या दिवशी मी आतल्या खोलीत सोनूबाईकडून हात चोळून घेत होते, आणि बाहेर ह्यानं भात्याच्या घडीन् घडीला ते तेल चोपडलं.

संध्याकाळी वाजवायला बसलो. भाता खरोखरच मऊ झाला होता, हे कबूल केलं पाहिजे. पण पहिल्याच फुंकरीबरोबर खोलीभर मुशीचा वास सुटला. दुसऱ्या फुंकरीला उंबऱ्यावर एक मांजर. मग पडवीतून एक, मग कुंपणाच्या गडग्यावरून उड्या टाकत मांडवीतली होती नव्हती तेवढी सगळी. मी सूर धरला आहे, समोर तुझा दादा देवळात बसल्यासारखा गंभीर होऊन भाता मारतो आहे, आणि भोवती मांजरं बैठक मारून ऐकताहेत. त्यांतला एक बोका पुढे आला आणि भाता चाटायला लागला. तुझ्या दादानं हात न थांबवता त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चला, एकाला तरी गाणं कळलं." मला हसू फुटलं. झटक्यानंतरचं पहिलं. खांदे गळून पडेपर्यंत हसले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, बोट मात्र पट्टीवर राहून गेलं होतं. तोही हसत होता, हात आपला पुढे मागे चाललेला. आणि गुणा, पेटीतून सूर येत होता. गोल, भरलेला, कुठे धक्का नाही की कुठे कण्हणं नाही. ज्यासाठी मास्तर इतकी वर्षं काठी घेऊन माझ्या मागे बसले, तो सूर. तो ऐकून मी हसायची थांबले. लगेच मी सावध झाले, बोट आवळलं, तोही सरळ बसला, आणि सूर गेला.

तेव्हापासून आमचं हेच चाललं आहे. जमलं की सावध होतो, सावध झालो की आवळतो. म्हणून सगळंच सोडून द्यावं तर भाता पेंगतो, तुझ्यासारखा. मी सूचना देणं बंद केलं आहे. लांब सूर घ्यायचा असला की मी आधी श्वास घेते, तो माझ्याकडे बघतो आणि भाता भरून ठेवतो. त्याची एक खोड मात्र जात नाही. एखादी जागा आवडली की त्याचा हात थांबतो. ऐकतच राहतो. सूर विरून जातो, मी वर बघते, आणि तो दचकून म्हणतो, "हां, हां, माझंच काम हाय नाय का ते." परवा मी चालायची काठी उलटी करून त्याच्या कोपराखाली लावली. कोपर वर गेलं, भाता चालूच राहिला. आमच्या ह्या उद्योगात कधीकधी डाव्या हाताची बोटं थोडी सुटतात. मी तिकडे बघत नाही. बघितलं की मिटतात.

मंगलाष्टकांची चाल दसऱ्याच्या आधीच बसली आहे. सोनूबाईनं ऐकली आणि काम सोडून बसली. मग दुसरं कोणी बघ, असं मी का लिहिलं? हात गेला म्हणून नाही. तुझा दादा चिमाचा मामा आहे म्हणून. एकुलता एक मामा. मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या मागे मामा उभा असतो, आणि चिमा लहानपणी इथे ओट्यावर खेळातलं लग्न लावायची तेव्हा ह्या धिप्पाड माणसाला मागे उभं करायची. दर्यावरून आलेला, अंगावर खवल्यांसकट, हा अक्षता संपेपर्यंत निमूट उभा राहायचा. आता तिचं खरं लग्न आलं. त्यानं एकाच वेळी तिच्या मागे उभं राहायचं आणि पेटीचा भाताही सांभाळायचा, हे कसं होणार? शेजारच्या गोदाला भाता देऊन पाहिला. पोर चांगली आहे, पण ती माझ्याकडे बघत नाही, पेटीकडे बघते. पेटी मला सोडता आली असती. चिमाच्या मागची ती जागा त्याच्याकडे मागणं मला जमलं नसतं. म्हणून त्याला न विचारता मी कार्ड टाकलं. काल तुझं पत्र त्याला वाचून दाखवावं लागलं आणि सगळं बाहेर पडलं. त्यानं हातातली विडी न पेटवताच परत ठेवली. मग म्हणाला, "मामा मागं असला पायजे ना? मग पेटीच मागं ठेवा. मी बसलो तर मामा नाय ऱ्हात काय? उभा काय नि बसलेला काय, पोर माझ्या समोरच हाय." ह्यावर मी, इतकी शिकलेली, निमूट कागद-पेन घेऊन बसले. तेव्हा हे पत्र मी खरं तर मागणीसाठी लिहिते आहे. बोहल्याच्या मागे, चिमाच्या अगदी पाठीशी, एक जाजम आणि दोन माणसांची जागा ठेव. मामा तिला हाताला धरून आणील, उभी करील आणि मागे पेटीशी बसेल. भटजींना आणि विहीणबाईंना हे आधीच सांगून टाक. कुरकुर झाली तर त्यांना माझ्याकडे पाठव. माझ्या हाताकडे बघून मांडवात कोणी च्च च्च करायचं नाही, हेही सांग. चिमाला हाताचं तूच सांग, पण माझ्यासारखं सांग, तुझ्यासारखं रडत नको. पेटी अशी ठेवली की माझी पाठ तिच्याकडे येईल आणि तिचं लग्न मला दिसणार नाही. त्याची काळजी करू नकोस. समोर तुझा दादा असेल. तिच्या गळ्यात हार पडला की मला त्याच्या तोंडावरून कळेल.

तुझीच,
आधी मैत्रीण आणि मग वहिनी,
बकुळा

शाळा सोडताना कार्यभार दिल्याची नोंद करायची आमच्यात पद्धत आहे, ती इथेही पाळते.

पेटीचा भाता, चालू स्थितीत, आज रोजी श्री. काशीराम यांच्या स्वाधीन केला. पट्ट्या माझ्याकडे राहतील.
देणार: बकुळा
घेणार: काशीराम. गुणे, भाता मिळाला. ही म्हणते दाबू नका, म्हणून पेनपण सैलच धरलाय. अक्षर गोड मानून घे.